चाबीवाल्याचा मांडव

डोमाकाका कुठलंही पान आधी उलटं करून बघायचे. वरून हिरवंगार दिसणाऱ्या पानावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "वरून तं सारेच बेस दिसतेत," असं म्हणत ते दोन बोटांनी पान उलटवायचे आणि पार डोळ्यांपाशी न्यायचे. मावा असो, अंडी असोत, अळी असो, सगळा कारभार खालच्या बाजूला चालतो, असं त्यांचं म्हणणं. माणसांनाही ते हेच लावत, पण माणसाला उलटं करून बघता येत नाही. येत असतं, तर माझ्यावर हे लिहायची पाळी आली नसती.

ते रेल्वेत चाबीवाले होते. रूळ जिथे स्लीपरवर बसतो तिथे त्याला धरून ठेवायला लोखंडी चाबी ठोकलेली असते. गाड्यांच्या हादऱ्यांनी ती ढिली होते. चाबीवाल्यानं रोज आपला ठरलेला टप्पा पायी चालायचा, एकेक चाबी बघायची आणि ढिली दिसली की हातोड्यानं ठोकून बसवायची. डोमाकाकांनी उभा जन्म अर्जुनी मोरगावच्या अलीकडे-पलीकडे हे एकच काम केलं. ऊन असो, झड असो, जंगलातून रुळावर आलेलं अस्वल असो, टप्पा चुकला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या वस्तीत घर बांधलं आणि मग घरामागची सांदवाडी हाच त्यांचा टप्पा झाला. आमच्याकडे परसातल्या भाजीच्या तुकड्याला सांदवाडी म्हणतात. त्यांची आणि आमची सांदवाडी एकाच कुपाटीच्या, म्हणजे काट्याकुट्यांच्या कुंपणाच्या, दोन बाजूंना होती. त्यांच्या बाजूला भाजी होती. आमच्या बाजूला विटांचा ढीग, मोडकी सायकल आणि त्यावरून ऐकावी लागणारी बायकोची बोलणी.

उजाडलं की काका हातात वेताची काठी घेऊन निघायचे. मांडवाच्या एकेका बांबूला टकटक करत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे, आणि दिवस मावळायच्या आधी पुन्हा एकदा.

"काका, गाडी येऊन राहिली का?" मी कुपाटीवरून चिडवायचो.

"येऊन राहिली ना. तू बाजूले हो."

मग थोडं पुढे जाऊन, माझ्याकडे न बघता म्हणायचे, "एक चाबी ढिली राह्यली तं गाडी पडते, बाबू. कोनाच्या हातची राह्यली, ते गाडी इचारत नाही."

गावातले लोक पहिल्या पावसाला भाजी लावतात आणि गणपती येईस्तोवर गवतापुढे हात टेकतात. काकांचं खरं काम पोळ्यानंतर सुरू व्हायचं. वाफे वीतभर उंच करायचे, म्हणजे परतीच्या पावसाचं पाणी मुळाशी थांबत नाही. त्यात वर्षभर सडवलेला पालापाचोळा घालायचा. आश्विनातलं ऊन कोवळ्या रोपांना करपवतं, म्हणून त्यांच्यावर पळसाच्या फांद्यांची सावली धरायची. घट बसले की वांगी आणि भेदरे लावायचे. टमाटरला आम्ही भेदरे म्हणतो. दसऱ्याला लसूण. मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, मात्र एकदम नाही, दर आठ दिवसांनी हातभर जागेत. "एकदाच पेरशीन तं एकदाच खाशीन," हे त्यामागचं शास्त्र. आणि या सगळ्याच्या मधोमध वालाचा मांडव.

एकदा तालुक्याहून एक साहेब मोबाईल घेऊन आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की इथं एक म्हातारा बिनखताची, बिनदवाईची भाजी करतो.

"तुम्ही सेंद्रिय शेती करता का?" साहेबांनी विचारलं.

"नाही जी. मी शेंगा करतो."

"म्हणजे, टाकता काय काय?"

"कचरा टाकतो. राख टाकतो. आन् रोज दोन चकरा टाकतो."

साहेबांनी कचऱ्याचा फोटो घेतला, राखेचा घेतला. चकरांचा कसा घ्यायचा ते त्यांना कळेना. काकांनी त्यांच्या पिशवीत चार वांगी घातली आणि जाता जाता वांग्याच्या झाडाचं एक पान उलटवून दाखवलं. साहेब पुन्हा आले नाहीत.

वाल मूळचा गिरजाकाकींचा. त्यांचं माहेर नागऱ्याजवळ. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन आल्या तेव्हा पदराच्या गाठीत बी बांधून आणलेलं. रुंद, जांभळ्या काठाची शेंग. शिजताना वास आमच्या घरात यायचा आणि आमची भाजी आम्हाला बेचव लागायची. बी राखेत घोळून वाळक्या दुधीच्या तुंब्यात भरायचं आणि तो तुंबा चुलीच्या वर, धुरात टांगायचा. त्या बीचा एक कायदा होता. ते विकायचं नाही. कुणी मागितलं की ओंजळभर द्यायचं आणि पुढच्या वर्षी त्यानं ओंजळभर परत आणून द्यायचं.

निम्म्या गावानं नेलं. परत कुणी आणलं नाही. काकांनीही मागितलं नाही. मी एकदा म्हटलं, "काका, लोक तुम्हाला गंडवून राहिले."

"गंडवतीन कायले? त्याहीच्या घरी हायच ना. म्हंजे आपल्याच घरी हाय."

मीही नेलं होतं. लावीन लावीन म्हणत प्लास्टिकच्या डब्यात ठेवलं, राख न लावता. पुढे त्यात किडे झाले. हे मी काकांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं तेव्हा वाटलं.

गिरजाकाकींना विसर पडू लागला तो आधी मिठाचा. मग बाजारातून घरी यायच्या वाटेचा. मग भिलाईला असलेल्या मुलाच्या नावाचा. शेवटी काकांचा. कुणीतरी अंगात निळा सदरा घालून घरात वावरतं आणि वेळेवर जेवायला देतं, एवढंच त्यांना कळायचं. त्या काकांना "चाबीवाले भाऊ" म्हणायच्या.

"चाबीवाले भाऊ, आमचे हे नाही आले का जी आजून?"

"येऊन राहिलेत बाई. आज ड्यूटी लंबी हाय."

हे मी कुपाटीपलीकडून किती वेळा ऐकलं असेल. काकांच्या आवाजात कधी चीड नसायची, कधी रडूही नसायचं. नव्या माणसाला गाडीची वेळ सांगावी तसं सांगायचे. मला ते ऐकवत नसे, मी उठून आत जायचो.

पण दिवाळी झाली, गावची मंडई जवळ आली की वालाला शेंगा लागायच्या. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा. घरोघरी पाहुणे येतात आणि पाहुण्याच्या पानात वाल-वांगं लागतंच. पहिला तोडा काका सुपात घालून गिरजाकाकींच्या पुढ्यात ठेवायचे. आणि त्यांची बोटं चालू लागायची. टोक मोडायचं, शीर ओढायची, शेंग उकलून आत अळी बघायची, गंजात, म्हणजे पातेल्यात, टाकायची. पाचदहा शेंगा झाल्या की बोटांमागून डोळे यायचे, डोळ्यांमागून बाई यायची.

"राजूचे बाबा, औंदा शेंगा बारीक काऊन जी?"

ते ऐकायला काका वर्षभर थांबलेले असायचे. "पानी जास्त झाला ना," म्हणत ते तिथंच जमिनीवर बसायचे आणि मग दोघं शेंगा संपेपर्यंत बोलायची. मुलाबद्दल, म्हशीबद्दल, कुठल्याशा जुन्या बदलीबद्दल. सूप रिकामं झालं की थोड्या वेळानं पुन्हा "चाबीवाले भाऊ". म्हणून काका रोज थोड्या थोड्या शेंगा तोडायचे, माघापर्यंत पुरवायचे. गावासाठी तो वाल होता. काकांसाठी ते वर्षातले तीन महिने होते, ज्यांत त्यांना बायको होती.

गेल्या साली पाऊस हटायचं नाव घेईना. पोळ्यानंतर लावलेलं बी वाफ्यातच सडलं. हस्ताचा पाऊस ओसरल्यावर काकांनी तुंबा खाली काढला आणि उरलेलं सगळं बी लावलं. तुंबा माझ्या कानापाशी हलवून दाखवला. आत काही वाजलं नाही.

"काका, थोडं ठेवायचं ना मागं."

"कायले? लोकाच्या घरी हाय ना."

वेल हातभर झाले, मांडवाच्या बांबूला लागले, आणि आभाळ दाटून आलं. ढगाळ हवेत वालावर मावा येतो. एरवी काका कडुनिंबाचा पाला उकळून ते पाणी केरसुणीनं शिंपडायचे, एकेक पान उलटवून. पण त्या आठवड्यात त्यांचा खांदा धरला होता, हात वर जाईना. ते कुपाटीपाशी आले.

"दिनेश, तुया फवाऱ्याचा पंप दे बा. धुतला हाय ना?"

"धुतलो ना काका. दोनदा. साबन लावून."

मी मोबाईलवर बोलत होतो. पंप गोठ्यात खुंटीला टांगलेला होता. भादव्यात मी त्यातून धानावर तणाची दवाई मारली होती. ती दवाई धानाला काही करत नाही, गवताच्या जातीला काही करत नाही. रुंद पानाचं जे असेल ते मारते. मारून झाल्यावर मी एक बादली पाणी पंपात ओतलं होतं आणि उलटा केला होता. एकदा. साबण वगैरे काही नाही. मी खोटं का बोललो, ते मला आजही सांगता येत नाही. फोन चालू होता आणि "दोनदा" म्हटलं की माणूस पुढं विचारत नाही, एवढंच कारण असावं. काकांनी नळी तपासली, पट्टा तपासला. झाकण उघडून वास घेतला नाही. माझ्या शब्दावर पंप पाठीवर घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी काठीची टकटक ऐकू आली नाही. मी कुपाटीवरून पाहिलं. काका सांदवाडीच्या मधोमध उभे होते. वालाचे शेंडे पिळवटून खाली वळले होते, पानं आखडून चमच्यासारखी झाली होती, देठ सुजून चिरले होते. भेदरे तसेच, वांगी तशीच, मेथी पिवळी. शेतातल्या तणाची हीच गत मी भादव्यात पाहिली होती आणि खूश झालो होतो.

"इकडं ये," काका म्हणाले.

मी कुपाटी ओलांडून गेलो.

"हा पाह्य. लसूण जित्ता हाय. तो गवती चहा जित्ता हाय. वाल गेला, भेदरा गेला, वांगा गेला. कोन्ती दवाई असन रे थे?"

ते विचारत नव्हते, हे मला कळलं.

"काका, दोनदा नाही धुतलो. एकदाच धुतलो. नुसत्या पान्यानं."

काकांनी एक आखडलेलं पान उलटवलं. सवयीनं डोळ्यांपाशी नेलं. खाली एकही मावा उरला नव्हता.

"ढक्कन खोलून पाहाची नौकरी माझी होती," ते म्हणाले. "चाबीवाल्यानं दुसऱ्याच्या शब्दावर गाडी सोडू नये."

त्यांनी मला शिवी दिली असती, कुपाटीपलीकडे हाकललं असतं, तर बरं झालं असतं. त्यांनी तो दोष उचलून आपल्या माथी घेतला आणि मला काही शिल्लकच ठेवलं नाही. त्या दिवशी मी जेवलो, कामावर गेलो, हसलोही असेन. पण आतून जे बसलं ते उठलं नाही.

मग बी शोधणं सुरू झालं. जमीन गरम आहे तोवर लावलं तर माघात का होईना चार शेंगा येतील, असा काकांचा हिशेब. मी त्यांना मोटारसायकलवर मागं बसवलं आणि ज्यानं ज्यानं ओंजळ नेली होती त्याच्या दारात नेलं. सगळी नावं त्यांना पाठ होती. आयुष्यात पहिल्यांदा ते आपली ओंजळ परत मागत होते आणि मागताना त्यांची मान खाली होती.

"खाऊन टाकलो जी आमी तं."

"आता पाकीटवाला लावतो काका, तो लवकर येते."

"होता, होता. पन उंदरानं नेला वाट्टे."

एका बाईनं मोठ्या उत्साहानं आतून मडकं आणलं. त्यात चवळी निघाली. काकांनी तीही हातात घेऊन नीट पाहिली आणि "बेस हाय चवळी," म्हणून परत केली. सगळी घरं संपली. संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा काका आपल्या दाराकडे वळले नाहीत. माझ्या फाटकापाशी थांबले.

"तुया घरी असन ना रे?"

मी डबा आणला. तळाशी पिठूळ भुगा आणि भोकं पडलेलं बी. काकांनी ते ओंजळीत ओतून घेतलं, एकेक दाणा उलटवला, आणि तीन बाजूला काढले. ते तीन त्यांनी कुंडीत लावले, रोज पाहिले. वर काही आलं नाही.

नागऱ्यालाही जाऊन आलो आम्ही. गोंदियापर्यंत रेल्वेनं, पुढे ऑटोनं. गिरजाकाकींच्या माहेरी जिथे वाल असायचा तिथे सिमेंटचा कोबा झाला होता आणि त्यावर गाडी उभी होती. भाच्याच्या बायकोनं चहा दिला, आग्रहानं पोहे दिले. "वो सेम तो कब की बंद हो गई फूफाजी," ती म्हणाली, "अब बाजार से ले आते हैं." येताना तिनं बाजारच्या सेमची, म्हणजे वालाच्या शेंगांची, एक पिशवी भरून दिली. पोर मनानं चांगली होती. काकांनी पिशवी गाडीत मांडीवर धरून आणली.

मंडईच्या दिवशी गावात पाहुणे आले, तमाशाचे भोंगे वाजू लागले. काकांनी त्या शेंगा सुपात घातल्या आणि सूप काकींच्या पुढ्यात ठेवलं. मी वांगी द्यायला गेलो होतो, बाजारची. दाराशीच थांबलो. काकींनी एक शेंग उचलली. टोक मोडलं. मग नाकापाशी नेली आणि सुपात परत ठेवली.

"चाबीवाले भाऊ, ह्या कोनाच्या घरच्या होत? नेऊन द्या बापा त्याहीले. वाट पाहून राहिले असतीन."

आणि सूप पायानं हळूच पुढं सारलं.

काकांनी पंधरा दिवस हार मानली नाही. अर्जुनीच्या बाजारातून आणल्या, कोहमाऱ्याहून आणल्या, वालासारख्याच पोपटाच्या शेंगा आणल्या, वाटाणा आणला. काकी प्रत्येक वेळी एक शेंग हुंगायच्या आणि सूप सारायच्या. पुढे पुढे तर हुंगायच्याही नाहीत. त्या साली बाई आली नाही. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, "आमचे हे नाही आले का जी" चालूच राहिलं, आणि काकांचं उत्तर तेवढं लहान होत गेलं. आधी "येऊन राहिलेत बाई". मग "येतीन". मग नुसती मान हलवायचे. मांडव तसाच उभा होता, नुसते बांबू. सकाळी टकटक होत नव्हती. मला वाटायचं, निदान लसणाला तरी पाणी घालावं त्यांनी. मीच कुपाटीवरून घालायचो.

पौषात राजू आला. दोघांना भिलाईला घेऊन जातो म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. घराला कुलूप लागलं. मी सामान घेऊन स्टेशनवर गेलो. याआधी काकांसोबत फलाटावर उभं राहणं म्हणजे एक त्रास असायचा, ते सारखे वाकून रूळ बघत, आणि आम्ही त्यांचा सदरा धरून मागे ओढत असू. त्या सकाळी ते बाकावर बसून होते. रुळाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

काकी त्यांच्या शेजारी, कोवळ्या उन्हात. मांडीवर लुगड्याच्या निऱ्यांशिवाय काही नव्हतं. आणि त्यांची बोटं चालू लागली. टोक मोडलं. शीर ओढली. उकललं. खाली सोडलं. मी आधी समजलो नाही, मग समजलो, आणि मला कुठेतरी पळून जावंसं वाटलं. काकांनी आपला तळवा त्यांच्या हातांखाली धरला. बोटं सुटली की तळवा थोडा वर न्यायचे, पुन्हा खाली आणायचे.

काकींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"औंदा लय निंगाल्या जी, चाबीवाले भाऊ."

"हो बाई," काका म्हणाले. "लय निंगाल्या."

गाडी लागली. राजूनं आईला दंडाला धरून चढवलं. काकांनी तळवा मिटला, ती मूठ तशीच मिटलेली ठेवून दुसऱ्या हातानं दांडा धरला आणि चढले.